ढकलगाडीतली बाई

११ जानेवारी
१५१/९४.
डॉक्टरीणबाईंनी रोज रक्तदाब मोजून वहीत लिहायला सांगितलंय. तीन दिवस नुसते आकडे लिहिले आणि चौथ्या दिवशी माझा मलाच कंटाळा आला. वही जाड आहे, आणि घरात ऐकून घ्यायला कोणी नाही. माझी बायको किर्स्टन नऊ वर्षांपूर्वी ओडेन्सच्या मालिशवाल्याबरोबर निघून गेली. माझी पाठ धरली म्हणून तिनंच त्याला बोलावलं होतं. पाठ बरी झाली, हे मात्र कबूल करायला हवं.

तर लिहितो. मी व्हर्नर स्कोव, ग्रोनेरूपच्या चर्चचा राखणदार. थडगी खणतो, घंटा वाजवतो, बर्फ झाडतो, पाद्रीबाईंचा हरवलेला चष्मा शोधून देतो. चौतीस वर्षं झाली. या नोकरीत वरचे लोक सतत बदलतात आणि खालचे कुठे जात नाहीत.

सध्या गावात एकच विषय आहे. नाताळच्या प्रार्थनेला आयगिल ब्रूननं हीटर बावीसवर न्यायला लावला. आयगिल चर्च समितीचा अध्यक्ष, चार हजार डुकरांचा मालक, आणि शाळेत माझ्या शेजारच्या बाकावर बसायचा. बाहेर उणे सहा, आत बावीस. दुसरं गाणं चालू असताना कमानीवरच्या चुन्याचा जेवणाच्या ताटाएवढा पोपडा सुटला आणि आयगिलच्या डोक्यावर आदळला. लोकांनी गाणं थांबवलं नाही. मला वाटतं, काहीजण जरा जोरात गायले.

पोपडा सुटला त्या जागी एक खूर दिसतोय. लाल रंगाचा, नीट काढलेला.

१४ जानेवारी
१५५/९६. पाद्रीबाई थोरा यांनी वरच्या कचेरीला कळवलं. कोपनहेगनहून जुनी भित्तिचित्रं उकलणारी बाई येणार. आयगिल वैतागलाय. सप्टेंबरात त्याच्या मुलीचं, मालेनेचं लग्न आहे आणि त्याला चर्च आतून पांढरंशुभ्र हवंय. आम्ही पाचशे वर्षं या भिंतींना चुनाच फासत आलोय. वरचे तीन थर तर माझ्याच हातचे.

मी त्याला म्हटलं, फासून टाकू की, एक खूरच तर आहे. तो खूश झाला. मी असं का म्हटलं कोण जाणे.

२ फेब्रुवारी
१६८/१०१. कॉफी जास्त झाली.
बाई आली. सिसेल राट्ये नाव. पंचेचाळीसची असेल, केस पोरासारखे कापलेले, गुडघ्यांना चामड्याची पॅडं. परांची चढताना डोकं आपटलं तेव्हा तिनं तोंडातून जे काढलं, ते मी या चर्चमध्ये फक्त शववाहकांकडून ऐकलंय. पाद्रीबाईंनी लगेच तिला अगं-तुगं सुरू केलं.

तिनं सगळं फिरून पाहिलं. उत्तरेच्या कमानीपाशी थांबली आणि विचारलं, "इथे मधल्या काळात कुणी काही काम केलंय का?"

मी म्हटलं, नाही. जरा चटकन म्हटलं.

पहिलं काम म्हणून तिनं हीटर बंद केला. आता आठ अंश, त्यावर एक नाही. चित्राला गरम मानवत नाही म्हणे. माणसांना थंडी मानवते का, ते तिनं विचारलं नाही.

७ फेब्रुवारी, रविवार
प्रार्थनेला अकरा माणसं. सगळी टोप्या घालून. पाद्रीबाईंच्या तोंडातून वाफ येत होती, त्यामुळे प्रवचन प्रथमच नजरेला दिसलं. नऊ मिनिटांत आटोपलं. असंच राहिलं तर गर्दी वाढेल.

१९ फेब्रुवारी
१५३/९५. वेदीमागच्या कोरीव फळीतले येशूचे बारा लाकडी प्रेषित माझ्या पाहुण्यांच्या खोलीत राहायला आले. त्यांना कीड लागलीय आणि गावात योग्य दमटपणा फक्त माझ्या त्या खोलीत आहे. त्या खोलीतून ओल जात नाही म्हणून किर्स्टन वीस वर्षं माझ्या नावानं ओरडत होती. आज सिसेलबाईनं यंत्र लावून बघितलं आणि म्हणाली, उत्तम खोली आहे.

दिवाणावर सहा, खिडकीखाली पाच, आणि पीटर उभा, कारण त्याची बैठक किड्यांनी खाल्लीय. दार उघडं ठेवलं तर त्यांना टीव्ही दिसतो. काल फुटबॉल होतं. बारांपैकी एकही कधी फालतू बोलत नाही, ही संगत मला आवडली.

बाकांवरचा तपकिरी रंगही उतरवणं चालू आहे. खाली लोकांनी सुऱ्यांनी कोरून ठेवलंय. एका बाकावर सोळाशे बावन्न सालच्या पाद्रीबद्दल तीन शब्द आहेत. सिसेलबाईनं त्यांचा फोटो काढला. पाद्रीबाई म्हणाल्या की त्या काळी निदान लोक ऐकत तरी होते.

४ मार्च
१६०/९८. खुराचा मालक सापडला.

चुना इंचाइंचानं निघतोय. खुराच्या वर पाय निघाला, मग दुसरा पाय, आणि आज दुपारी बूड. उघडं, गोल, गुलाबी. सैतान लोकांकडे पाठ करून वाकलाय, शेपूट एका हातानं बाजूला धरलीय, आणि पायांमधून उलटा बघून जीभ दाखवतोय. नेम थेट प्रवचनाच्या चौथऱ्यावर.

पाद्रीबाईंना बोलावलं. त्या चौथऱ्यावर चढल्या, वर बघितलं आणि पायरीवर बसून पोट धरून हसल्या. "सात वर्षं," त्या म्हणाल्या. "सात वर्षं मला वाटायचं की इथे उभं राहिल्यावर कुणीतरी आपल्याला वेडावतंय."

११ मार्च
१६६/१००. सैतानाच्या डावीकडे आणखी एक सैतान निघालाय. तो एकचाकी ढकलगाडी लोटतोय, नरकाकडे. गाडीत एक टकला साधू रडतोय. त्याच्या शेजारी बियरचा पेला धरलेला जाडा माणूस, तीन हनुवट्या, वर उचललेलं नाक.

सकाळी दहाला तो निघाला. साडेदहाला बेकरीत सगळ्यांना ठाऊक होतं की चर्चमध्ये आयगिल सापडला. मी स्वतः कुणाला सांगितलं नाही. फक्त पाव घेताना एवढंच म्हटलं की जाऊन बघा.

संध्याकाळी आयगिल येऊन बघून गेला. बराच वेळ मान वर करून उभा होता. मग म्हणाला की त्याला त्या जाड्या माणसाबद्दल काहीच म्हणायचं नाही, त्याचा आक्षेप फक्त बुडावर आहे. नवरीच्या डोक्यावर असलं काही शोभत नाही. बोलताना त्यानं नाक वर उचललेलं होतं. मी पायाकडे बघत राहिलो.

गाडीत तिसरं कुणीतरी आहे. हिरवा झगा दिसतोय. डोकं अजून चुन्याखाली आहे.

१८ मार्च
१७९/१०८. जेवलो नाही.
चुना निघाला. हिरव्या झग्याच्या वर डोकं नाही. तिथे सिमेंट आहे, ताटाएवढं, राखाडी, घट्ट.

सिसेलबाईनं हातातली छिन्नी खाली ठेवली. मग बोलली. कोण गाढव, कोणत्या गोठ्यात वाढलेलं, चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंट कोण थापतं, ते चित्राची कातडी सोलून काढतं, वगैरे. नंतर शांत झाली आणि त्या सिमेंटवरून बोटं फिरवत राहिली, आंधळ्या माणसासारखी. थापीचे अर्धगोल फटकारे उठलेले आहेत त्यावर.

"कुणी केलं असेल हे?" तिनं मला विचारलं.

मी सांगितलं, माझ्या आधीचे राखणदार, लॉरिट्स. देवाघरी गेले बिचारे. ते कुठे गेले हे मला पक्कं माहीत आहे, खड्डा मीच खणला होता.

२० मार्च
१८१/१०९. डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता. मी आकडे जरा कमी करून सांगितले.

या वहीशी खोटं बोलण्यात अर्थ नाही. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, आणि मला आधीच माहीत आहे.

सन चौऱ्याऐंशी, ऑक्टोबर. मी सव्वीस वर्षांचा, नोकरीला दोन वर्षं झालेली. तेव्हाच्या म्हाताऱ्या पाद्रींचा आवाज बसला होता म्हणून लाउडस्पीकर लावायचा ठरला. दुसऱ्या दिवशी बिशप येणार होते. मी शिडीवर चढून पट्टीसाठी भोक पाडत होतो. दुसऱ्या घावाला चुना सुटला आणि एक चेहरा बाहेर आला. बाईचा. माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर.

ती हसत होती. सभ्यपणे नव्हे, तोंड उघडून. एखाद्यानं कानात काहीतरी वाह्यात सांगितल्यावर हसतात तशी. तिचा एक डोळा घावानं थोडा टवकलेला, दुसरा सरळ माझ्याकडे.

असं काही सापडलं तर काम थांबवून वर कळवायचं, हा नियम मला पाठ होता. पण कळवलं असतं तर बिशपांचा कार्यक्रम बारगळला असता, समिती माझ्यावर भडकली असती, आणि मी तिचा डोळा टवकला हेही बाहेर आलं असतं. शवागाराच्या भिंतीसाठी आणलेलं सिमेंट बादलीत होतं. पाच मिनिटांत थापलं. वाळल्यावर वर चुना. लाउडस्पीकर हातभर डावीकडे लावला. बिशप म्हणाले, आवाज छान येतो.

इतक्या वर्षांत त्या कमानीला मी दोनदा चुना दिला. दोन्ही वेळा भिंतीकडे न बघता. ग्रोनेरूपमध्ये मला भेटलेली सगळ्यात जिवंत बाई ती, आणि मी तिचं तोंड सिमेंटनं बंद केलं.

४ एप्रिल
१६५/९९. बरं वाटतंय.
स्मशानाच्या भिंतीच्या भेगा बुजवत होतो. सिसेलबाई कॉफीचे दोन कप घेऊन आली आणि शेजारी बसली. बराच वेळ माझ्या हाताकडे बघत होती. अंगठी शोधत असावी. अंगठी मी नऊ वर्षांपूर्वीच काढली, हे तिला दिसावं म्हणून मी बोटं जरा पसरली.

"नेहमी डाव्या हातानंच थापी धरता?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, जन्माचा डावखुरा. शाळेत मेटाबाई हातावर पट्टी मारायच्या, तरी सुटला नाही.

"आणि लॉरिट्स? तेही डावखुरे होते?"

मी म्हटलं, छे, लॉरिट्स सगळ्या बाबतीत उजवे. तिला बरं वाटलं असावं, कारण ती हसली आणि माझ्या कपात आणखी कॉफी ओतली.

बायकांशी बोलायची माझी सवय गेली नाही असं दिसतंय.

९ एप्रिल
निळा शर्ट घेतला. प्रेषितांना दाखवला. कुणी हरकत घेतली नाही.

१७ एप्रिल
१५८/९७. सिसेलबाईला जेवायला बोलावलं. खरपूस भाजलेलं डुकराचं मांस, उकडलेले बटाटे, पार्स्लीचा पांढरा रस्सा. तिनं तीनदा वाढून घेतलं. आधी पाहुण्यांच्या खोलीत जाऊन प्रेषितांची प्रकृती पाहिली, मग टेबलाशी आली. सगळं छान चाललं होतं. पण कामाचा विषय निघाला आणि मजा गेली.

ती म्हणाली की ते सिमेंट घाईत थापलेलं आहे. घाबरलेल्या माणसानं. तिला आता त्याचा राग येत नाही. "मला त्याला एकच गोष्ट विचारायचीय," ती म्हणाली. "खाली काय पाहिलंत? बाकी सगळे नरकात रडत चाललेत. ती काय करत होती? हे सांगू शकेल असा जगात एकच माणूस आहे. असला तर."

मी म्हटलं, लॉरिट्स ब्याऐंशीतच वारले. मग विचारलं, आणखी बटाटे?

ती लवकर गेली. जाताना दारात थांबून माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं काही बोलेल. तीही बहुधा लाजरी आहे.

१२ मे
१७०/१०२. पाच आठवडे ती सिमेंट काढतेय. दात साफ करतात तसल्या बारीक छिन्नीनं, पडून, पाठीवर. रोज नखाएवढं.

आज शेवटचा तुकडा निघाला. खाली कोरा गिलावा. हनुवटीचा काठ आणि डोक्यावरच्या पांढऱ्या फडक्याची एक कड, बस. चेहरा सिमेंटला चिकटून सोलला गेलाय.

तिनं मला वर बोलावलं. सिमेंटचे तुकडे उलटे करून कापसावर मांडले होते. एकाच्या पाठीला लाल रंगाचा ठिपका. मसुरीच्या डाळीएवढा.

"ओठ असेल," ती म्हणाली. तिनं तो तुकडा डबीत ठेवला, वर चिठ्ठी लावली आणि खाली उतरून स्मशानाच्या भिंतीशी सिगरेट ओढत बसली. मी परांचीवरच राहिलो. 

३ जून
१७४/१०५. वरून पत्र आलंय. चित्र चांगलं आहे, पण अर्धवट आहे. गावाला नको असेल तर नोंद करून, फोटो घेऊन, पुन्हा चुन्याखाली झाकायला हरकत नाही. समितीनं ठरवावं.

आयगिल पत्र हातात घेऊन गावभर फिरतोय. सातांपैकी तिघं त्याच्या बाजूनं आहेत, तो धरून. पाद्रीबाई, वाणी आणि त्याची बहीण विरुद्ध. राहिल्या मेटाबाई. वय शहाऐंशी, निम्म्या गावाच्या मास्तरीण. त्यांनी कुणालाच काही सांगितलेलं नाही. त्या आज चर्चमध्ये येऊन दुर्बिणीतून बूड बघून गेल्या.

मला वाटलं होतं की झाकलं गेलं तर मी सुटेन. पुन्हा एकदा पांढरं, पुन्हा माझ्याच हातानं. दुपारभर हे स्वतःला सांगून पाहिलं. आनंद काही झाला नाही.

१६ जून
मोजला नाही.
समितीच्या खोलीत सभा झाली. चाळीस माणसं, सहा प्रकारचे केक. मला मत नाही, मी कॉफी ओततो.

आयगिलला मी इतका चांगला बोलताना कधी ऐकला नव्हता. त्यानं बुडाचा उल्लेखही केला नाही. तो म्हणाला, चित्र पुरं असतं तर मीच पहिला हात वर केला असता. पण मधल्या बाईला चेहराच नाही. कुणीतरी कधीतरी तिथं ठिगळ मारलं, कुणी आणि का ते माहीत नाही, आता काही परत येणार नाही. फाटकी गोष्ट लोकांना कशाला दाखवायची? लोक विचारतील इथे काय होतं, आणि आपण काय सांगणार?

लोकांच्या माना हलल्या. मेटाबाईंचीही हलली. मी नेमका त्यांच्याच कपात ओतत होतो आणि कप भरून बशीत, बशीतून मेजावर गेली कॉफी.

"व्हर्नर," मेटाबाई म्हणाल्या, "किटली खाली ठेव."

मी ठेवली. आणि मग बोलायला लागलो. नेमकं काय म्हटलं ते आता आठवत नाही, पण सगळं म्हटलं. शिडी, बिशप, बादली. लॉरिट्सचं नाव मी घेतलं तेही.  शेवटी आयगिल हळूच म्हणाला, "म्हणजे तू आम्हाला बत्तीस वर्षं फसवलंस."

"हो."

"आणि आता आम्ही काय करावं म्हणतोस?"

मी म्हटलं, "मला मत नाही. पण मी तिला एकदा झाकून बघितलंय, आयगिल. त्यानं ती जात नाही. आणि लोकांनी विचारलं इथे काय होतं, तर सांगता येईल. ती हसत होती. सगळी नरकात रडत चाललीयत आणि ती खो खो हसत होती. मी पाहिलंय."

पाद्रीबाईंनी मत मागितलं. तीन हात इकडे, तीन तिकडे. सगळे मेटाबाईंकडे बघू लागले. त्यांनी आधी केकचा घास गिळला. म्हणाल्या की या पोराला चौथीत खिडकी फोडल्याचं कबूल करायला लावण्यात त्यांनी एक अख्खी सहामाही घालवली होती, शेवटी केलं नाही ते नाहीच. आज त्यानं आपणहून केलं, तर ते वाया जाऊ देणं बरं नव्हे. "शिवाय," हात वर करत त्या म्हणाल्या, "बूड चांगलं काढलंय."

चार विरुद्ध तीन.

१७ जून
१४४/९०. यंत्र बिघडलं असावं म्हणून दोनदा मोजला.

सिसेलबाई सकाळीच आली. सोबत कागद आणि ध्वनिमुद्रणाचं यंत्र. मी काही बोलायच्या आत म्हणाली की तिला चार एप्रिलपासून माहीत होतं. फटकारे डावखुऱ्या हाताचे होते. आणि लॉरिट्स तर ब्याऐंशीतच वारले असं मीच सांगितलं. सिमेंटवर ज्या चुन्याचा पहिला थर आहे, तो चुना त्र्याऐंशीच्या आधी इथे विकतच मिळत नव्हता.

"मग बोलला का नाहीत?"

"उपटून काढलेलं माझ्या कामाचं नव्हतं. स्वतःहून सुटलेलं हवं होतं."

मी विचारलं, म्हणजे त्या दिवशी भिंतीपाशी माझ्या हाताकडे बघत होतात ते... ती म्हणाली, हाताकडेच. दुसरं काय? मग माझा निळा शर्ट बघितला, आणि तिला समजलं. तिनं हसू फार मेहनतीनं दाबलं. म्हणाली, शर्ट चांगला आहे, माझ्या हानेलाही असाच घेते. हाने म्हणजे तिची बायको. रोस्किलडेत शाळेत शिकवते.

प्रेषितांच्या खोलीचं दार मी लावून घेतलं. त्यांच्यासमोर नको.

दोन तास जबानी दिली. भुवया कशा, दात दिसत होते का, मान कुठे वळलेली. सगळं कागदावर घेतलं, खाली माझी सही. हे आता कोपनहेगनच्या दप्तरखान्यात कायमचं राहणार. मी म्हटलं, मग रंगवून टाका ना तिला पुन्हा, मी सांगतो तशी. तिनं मान हलवली. जे तिनं पाहिलं नाही ते ती काढत नाही. त्या जागी फक्त साधा गिलावा येईल, भिंतीच्याच रंगाचा.

२९ जून
समितीनं मला लेखी ताकीद दिली. आयगिलनं स्वतः आणून दिली आणि कॉफीला थांबला. पाच वर्षं मी चर्चच्या कुठल्याही भिंतीला हात लावायचा नाही. म्हणजे चुना देणंही गेलं. ही शिक्षा आहे की पेन्शन ते कळलं नाही.

लॉरिट्सच्या कबरीवरचं गवत काढलं, दगड घासला. माफी मागितली. ते हयातीतही फार बोलत नसत.

१० सप्टेंबर
१४८/९२. मालेनेचं लग्न. पावणेदोनशे माणसं, आठ अंश... नाही, उन्हाळ्यामुळे सोळा. मालेनेनं बापाला न विचारता फोटोवाल्याला कमानीखाली बोलावलं आणि नवऱ्यासकट बरोब्बर बुडाखाली उभी राहिली. पाहुणे वर बघायचे, मग आयगिलकडे, मग पुन्हा वर.

मला वाटलं आता हा फुटणार. पण तिसऱ्या पेल्यानंतर तो मालेनेच्या सासरच्या लोकांना गाडीतला जाडा दाखवत सांगत होता की ब्रून घराणं या गावात निदान पाचशे वर्षं आहे, पुरावा भिंतीवर आहे, दुसऱ्या कुणाचा असेल तर दाखवावा.

२ ऑक्टोबर
सिसेलबाई गेली. प्रेषितही वेदीवर परत गेले, नव्या बैठकीसह. दिवाण फार रिकामा दिसतो. हीटर आता समारंभाच्या आधी दोन अंशांनी, हळूहळू चढवायचा असतो आणि ते बटण फक्त मी हलवू शकतो. आयगिलला किल्ली देऊ नये अशी वरून लेखी सूचना आहे. ती मी फ्रेम करून घेतलीय.

२३ ऑक्टोबर, रविवार
१४२/८९. लोक येतात. जर्मनीहूनसुद्धा एक बस आली होती. समितीनंच ठरवलं की चित्र मी दाखवावं, कारण तिला पाहिलेला मीच. आधी बूड, मग आयगिल, मग साधू. त्यानंतर सगळे त्या कोऱ्या जागेपाशी येतात आणि विचारतात. मी सांगतो, इथे एक बाई हसत होती, मी तिचा चेहरा घालवला. सुरुवातीला हे जमिनीकडे बघून सांगायचो. आता त्यांच्याकडे बघून सांगतो.

३० ऑक्टोबर, रविवार
१६३/९८.
आज बसमधल्या बायकांना सांगताना रंगात आलो होतो. त्या फार छान ऐकत होत्या. मी म्हटलं, आणि हसताना डाव्या गालावर अशी खळी पडली होती. बायकांनी सुस्कारा सोडला. एकीनं वहीत लिहून घेतलं.

घरी येऊन सूप गरम करताना मला जाणवलं की हे मी आज पहिल्यांदा म्हटलेलं नाही. जूनमध्ये जबानीतही म्हटलंय. खळी. सही करून. आणि आता कितीही डोळे मिटले तरी मला ती शिडीवरून दिसत नाही. मी सांगतो तशी दिसते. दात आठवतात. टवकलेला डोळा आठवतो. फडकं जरा तिरकं होतं हे आठवतं. खळी मी कुठून आणली? किर्स्टनला होती, डाव्या गालावर.

सूप बाजूला ठेवून सिसेलबाईला फोन लावला. मागे ताटांचा आवाज येत होता, जेवायला बसल्या असाव्यात. मी म्हटलं, जबानीत पान दोनवर खळी आहे. ती खोडा. मी पाहिली नव्हती.

 मग कागद चाळल्याचा आवाज आला. म्हणजे जबानीची प्रत तिनं घरीच ठेवलीय.

"खोडली," ती म्हणाली. "आणखी काही?"

मी विचार केला. भुवया, दात, मान, डोळा, एकेक करून.

"नाही," मी म्हटलं. "बाकीचं पाहिलंय."